पिवळ्या फडक्याआड

मी एका मोटारीची मागची नंबरप्लेट बोलतेय.

मला वाटलं होतं, लोक मला वाचतील. दुसरी कसलीही हौस नव्हती मला. शोभेसाठी माझा जन्म नव्हता. हेवा वाटावा असं तर माझ्यात काही नव्हतंच. रस्त्यातल्या कुणीही मान वर करावी, मला वाचावं आणि आपल्या कामाला लागावं, एवढंच. प्रत्यक्षात माझं निम्मं आयुष्य एका पिवळ्या फडक्याच्या आड गेलं. उन्हात त्याच्या मागे जीव गुदमरायचा, पावसात ते ओलं होऊन तोंडाला चिकटायचं. आणि ज्या एका दुपारी मला वाचायलाच हवं होतं, त्या दुपारी सगळ्या रस्त्याने फक्त फडकं पाहिलं.

पण सुरुवातीपासून सांगते.

एकाच पत्र्यातून आम्ही दोघी कापल्या गेलो, मी आणि माझी जुळी बहीण. ती पुढे लागणार होती, मी मागे. साच्याखाली ठेवून वरून दाब दिला तेव्हा अंगातून आकडे वर उठले. दुखलं. मग कारागिराने त्या आकड्यांच्या माथ्यावरून काळ्या रंगाचा रोलर फिरवला, मला हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ, आंधळ्यालासुद्धा बोटाने वाचता येईल." चार, सात, शून्य, नऊ. त्या दिवशी माझ्याइतकं खूश कुणी नव्हतं.

आमचे मालक वाहतूक खात्यातले मोठे अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणत. नवी गाडी घरी आली तेव्हा त्यांनी माझे स्क्रू स्वतःच्या हाताने घट्ट केले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी करतो की." साहेब म्हणाले, "वाहतूकवाल्याची गाडी आहे रे. नंबर आधी दिसला पाहिजे, गाडी मागून." दर सुट्टीच्या दिवशी ते मला पुसत आणि पुसून झालं की मागे सरकून वाचत. तेव्हाचे साहेब मला फार आवडायचे.

त्यांना दोन मुलं. मोठ्याला सगळे दादा म्हणत, मुलगी धाकटी. दादाला गाडीचं वेड स्टिअरिंगपाशी. धाकटीचं वेड माझ्यापाशी. शाळेत जायच्या आधीच ती माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि ओल्या बोटाने माझे आकडे गिरवायची. शून्याभोवती बोट गोल गोल फिरवत बसायची, मग घरात ओरडत जायची, "आई, मला आपली गाडी वाचता येते!" तिला शंभरपर्यंत मोजता यायच्या आधी मी पाठ होते. माणसाचा एवढा जवळचा हात मला पुन्हा कधी लागला नाही.

मग ती शिकायला फार दूर गेली आणि इकडे फडकं आलं.

त्याचं असं झालं. साहेबांच्या ऑफिससमोरच्या चौकात कॅमेरा बसला. एकदा ड्रायव्हरने गाडी पुसून ओलं फडकं डिकीच्या झाकणात अडकवलं, वाळायला. ते नेमकं माझ्यावर लोंबलं. साहेबांना उशीर झाला होता, लाल दिव्यातून गाडी पुढे गेली, आणि दंडाची नोटीस काही आली नाही. साहेब हसले. फडकं काढ असं काही म्हणाले नाहीत, राहू दे असंही म्हणाले नाहीत. पण ड्रायव्हर कशाला सुचवायची वाट बघतोय? त्याने ते रोज तिथेच वाळत घातलं.

साहेबांचं बघून दुसऱ्या अधिकाऱ्यांनी सुरू केलं. मग हवालदारांनी, मग त्यांच्या मेव्हण्यांनी. कुठे हुकूम नाही, कागद नाही, पण खात्यात सगळ्यांना माहीत झालं की डिकीत पिवळं फडकं म्हणजे गाडी आपल्यातली. नाक्यावर असली गाडी आली की शिट्टी तोंडातून बाहेर यायची आणि हात खाली जायचा. साहेब निवृत्त झाले, गाडी दादाकडे आली. त्याच्याबरोबर फडकंही आलं.

धाकटी परत आली ती रस्ते आणि वाहतूक याच विषयाचं शिक्षण घेऊन. तिला तिकडे चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून तिने इथली परीक्षा दिली आणि बाबांच्याच खात्यात रुजू झाली. साहेबांचा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू. पहिलीच कामगिरी तिला मिळाली ती नंबर नसलेल्या आणि नंबर झाकलेल्या गाड्या पकडायची. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी फडक्याआड मी किती हरखले ते माझं मला माहीत. माझीच मुलगी मला सोडवायला आली, असं वाटलं मला.

पहिल्या दिवशी तिला नाक्यावर सोडायला दादाच आला होता. ती उतरली, मागे आली आणि थांबली.

"दादा, हे काय?"

"फडकं."

"ते दिसतंय मला. इथे का?"

"वाळत घातलंय. तुमच्या तिकडे फडकी वाळत घालत नाहीत वाटतं?"

नाक्यावरचे हवालदार खो खो हसले. त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणत. नोकरीतली बरीच वर्षं साहेबांच्या हाताखाली काढलेला, बोलका, सैल पोटाचा माणूस. "मॅडम, असू द्या," ते म्हणाले. "ती आपल्यातली खूण आहे. तुमच्या बाबांनीच पाडलेली पद्धत. पिवळं दिसलं की आपण गाडी बघायचीच नाही. डोळ्यांनाही आराम."

धाकटीने फडकं ओढून काढलं आणि दादाच्या अंगावर टाकलं. डोळ्यांवर ऊन आलं माझ्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि आकड्यांवरून बोट फिरवलं, लहानपणी फिरवायची तसंच.

तिने मोहीम जोरात चालवली. कुणी चिखल फासलेला, कुणी ग्रीस. एकाने नंबर इतका वाकवून लावला होता की तो फक्त आभाळाला वाचता यावा. एका गाडीला पाटीच नव्हती. चालक म्हणे, "पडली असेल वाटेत, मी काय मागे बघत गाडी चालवतो का?" अशांना ती सोडत नसे. पण पिवळ्या फडक्याची गाडी अडवली की फोन यायचा. आज वरिष्ठांचा, उद्या वरिष्ठांच्या सासऱ्यांचा. अडवलेली गाडी सोडून द्यावी लागायची, आणि चालक जाताना हसून फडकं नीट करायचा. दूर शिकताना तिला वाटलं होतं की लोकांना नियम माहीत नसतो, सांगितला की पाळतील. इथे नियम सगळ्यांना तोंडपाठ होता.

त्या आठवड्यात घरी भांडण झालं. स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या जागेवर उघडते, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"अख्खं खातं अंगावर घेऊ नकोस," साहेब म्हणत होते. "आधी बाहेरचे धर. घरचं शेवटी बघू."

"बाबा, ही खोड तुम्हीच लावलीत त्यांना."

"म्हणून तर सांगतोय. माझ्या मागे माझं नाव धुळीला मिळवणार का तू?"

आई मध्ये पडली, "जेवताना तरी वाहतूक बंद ठेवा दोघांनी." कुणी हसलं नाही. मग धाकटी म्हणाली, "बरं. मोहीम संपली की पहिली आपली गाडी. तोवर पिवळ्यांना मी हात लावत नाही." दादा म्हणाला, "संपली की!"

दुसऱ्या दिवशी फडकं पुन्हा माझ्या तोंडावर होतं. धाकटीने ते लावलं नव्हतं. पण काढायलाही ती आली नाही.

आता मामीबद्दल सांगायला हवं. मामी म्हणजे हवालदार मामांची बायको. घर नाक्यापासून जवळ, म्हणून रोज दुपारी मामांचा डबा ती स्वतः घेऊन यायची. धाकटी आल्यापासून डब्यात एक खण वाढला होता. रस्ता ओलांडायची तिची एक तऱ्हा होती. डब्याचा हात सरळ वर धरायचा आणि चालू लागायचं. गाड्या खरंच थांबायच्या. दादा धाकटीला सोडायला किंवा आणायला यायचा तेव्हा मामीचा आवाज माझ्या कानी पडायचा.

"तुमच्या शिट्टीला कुणी भीक घालत नाही," ती मामांना म्हणायची. "माझा डबा बघा. वर केला की रस्ता उभा!"

"मग उद्यापासून तूच उभी राहा नाक्यावर. मी घरी झोपतो."

"झोपायला घरी कशाला जायला हवं? इथे काय करता? आणि ए मॅडमबाई, उभ्याने नाही खायचं, सांगितलंय ना? बस इथे. गाड्या कुठे पळून जात नाहीत."

त्या दुपारी दादाला कुठेतरी पोचायला उशीर झाला होता. गाडी चालवताना तो फोनवर मोठमोठ्याने कुणाला तरी सांगत होता, "आलोच, आलोच, नाक्यापाशी आहे." मी फडक्याआड. मला दिसत काहीच नव्हतं. पुढच्या बहिणीने जे पाहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरून एक बाई येत होती आणि तिचा हात वर होता.

मला फक्त धक्का बसला. सगळ्या गाडीच्या हाडांतून तो माझ्यापर्यंत आला. नंतर स्टीलचं काहीतरी रस्त्यावर आपटलं आणि घरंगळत गेलं. झाकण वेगळं झाल्याचा आवाज आला, ते गोल फिरत फिरत थांबल्याचाही. दादाचं फोनवरचं बोलणं तुटलं. गाडी क्षणभर मंदावली. आता हा थांबणार, असं मला वाटलं. मी वाट बघत होते. मग इंजिन ओरडलं आणि आम्ही सुटलो.

पुढच्याच वळणावर नाका.

शिट्टी वाजली, एकदाच, अर्धी. मग मामांचा आवाज, नेहमीचा, मोकळा. "जाऊ दे रे, आपलीच आहे." आणि माझ्यावरून, फडक्यावरून, एक सैल थाप पडली. पुढे जायची थाप.

रस्त्याच्या पलीकडे धाकटी उभी होती. गाडी घरची आहे हे तिने ओळखलं, फडकं पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे तोंड फिरवलं. पुढचा भाग तिच्या बाजूला नव्हता. असता तर फुटलेला दिवा तिला दिसला असता.

थोड्याच वेळात बातमी नाक्यावर पोचली. मामी रुग्णालयात पोचेपर्यंत संपली होती.

रस्त्यावर माणसं काय थोडी होती? सगळ्यांनी गाडी पाहिली. पांढरी गाडी, पिवळं फडकं. नंबर? नंबर झाकलेला होता. पुढून कुणी वाचला नाही, कारण पुढे सगळे मामीकडे बघत होते. कॅमेऱ्यातही पांढरी गाडी आणि पिवळं फडकं. आणि तशा गाड्या खात्यात आणि खात्याच्या गोतावळ्यात इतक्या, की शोधणाऱ्यांना सुरुवात स्वतःच्या दारापासून करावी लागली असती. कुणी केली नाही. दुपार टळायच्या आत मात्र गावभरच्या डिक्यांतली फडकी गुपचूप नाहीशी झाली. आमचं राहिलं, कारण दादाचा हात गाडीला लागत नव्हता.

त्याने गाडी आत घेतली होती ती नाक भिंतीला लावून. आत जाऊन तो साहेबांशी बोलला. खिडकी लावलेली होती.

दिवेलागणीला मामा आले.

ते आत आलेच नाहीत. साहेब बाहेर गाडीपाशी येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. रुग्णालयातून मामीला सकाळी ताब्यात देणार होते, तोवर मामांना कुठे जावं ते कळत नव्हतं, म्हणून ते आपल्या जुन्या साहेबांकडे आले होते. त्यांनी आधाराला डिकीवर हात टेकला. त्यांचा तळवा फडक्यावर होता आणि फडक्याखाली मी. मी एवढी मोठ्याने कधी ओरडले नसेन. पत्र्याला तोंड नसतं.

"साहेब, तुमच्या शब्दाला वजन आहे," मामा म्हणाले. "एवढी गाडी शोधून द्या. माझ्यासमोरूनच गेली असणार हो. दुसरा रस्ताच नाही तिकडून. मी उभा होतो तिथे. मी फडकं बघितलं असणार आणि गाडी बघितलीच नसणार. किती गेल्या आज तशा, मला एकही आठवत नाही."

साहेब काहीतरी बोलले. धीर धर, असं काहीसं.

तेवढ्यात फाटक वाजलं. धाकटी रुग्णालयातून परतली होती. तिने मामांना पाणी आणून दिलं. त्यांनी भांडं हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. "मॅडम," ते तिला म्हणाले, "तुम्ही पलीकडे होतात. तुम्ही बघितली का हो एखादी गाडी?"

तिची नजर मामांच्या हातावर होती, हाताखालच्या फडक्यावर, आणि तिथून हळूहळू गाडीच्या अंगावरून भिंतीकडे गेली. आमच्याकडे गाडी कधीच अशी नाक खुपसून लावत नसत.

"मामा, सकाळी येते मी," एवढंच ती म्हणाली.

मामा गेल्यावर ती भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत आडवी होऊन शिरली. माझी बहीण तिथे मधोमध वाकली होती. सातावर डब्याच्या कडेचा अर्धगोल उमटला होता, स्वच्छ, जणू साच्यानेच मारलेला. धाकटीचं बोट त्याच्यापाशी गेलं आणि न लागताच मागे आलं.

दादा पायरीवर येऊन बसला होता. "दिसलीच नाही गं," तो म्हणाला. "शपथ. हात दिसला फक्त."

"थांबला का नाहीस?"

"थांबणार होतो. पाय ब्रेकवर होता. मग वाटलं, कुणाला कळणार आहे? फडकं आहे ना मागे." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"पुरे," साहेब म्हणाले. "उजाडताच गॅरेजवाला येईल. दिवा, बंपर, दोन्ही पाट्या. मामाकडे मी बघेन. त्याला आयुष्यभर काही कमी पडू देणार नाही."

"त्याला नंबर कमी पडतोय, बाबा," धाकटी म्हणाली. मग ती आत गेली आणि दार लागलं.

आज मी चौकीत आहे. गाडी मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी आहे, टायर बसलेत, बॉनेटवर पाखरांची घाण. आम्हा दोघी बहिणींना काढून मुद्देमालाच्या खोलीत एका फळीवर ठेवलंय. आमच्या शेजारी ते फडकंही आहे, घडी घालून, सीलबंद पिशवीत. खटला चालू आहे. तारीख पडली की आम्हाला नेतात आणि परत आणतात. इथे येणारी माणसं आम्हाला वाचतात, कागदाशी ताडून बघतात. वाचलं जायचं होतं मला, ते असं मिळालं.

तुम्हाला एकच विनवणी आहे. आज घरी गेलात की आपल्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. तिथे चिखल असेल, दोरी लोंबत असेल, एखादं फडकं वाळत असेल. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय. तो दादाही वाईट मुलगा नव्हता हो. त्याचा पाय ब्रेकवर होता.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

धाकटी गणवेशात बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते, पण केस घट्ट बांधलेले. डिकी उघडून तिने फडकं मोकळं केलं, घडी घातली आणि सीटवर ठेवलं. मला तिने स्वतःच्या रुमालाने पुसलं. बहिणीला हात लावला नाही. तिच्यावरची खूण होती तशी राहायला हवी होती. मग ती दादाला म्हणाली, "बस. मी चालवते."

दादाने आईकडे पाहिलं. आई चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "जा." तो येऊन बसला.

गाडी मागे घ्यायची होती आणि फाटकात साहेब उभे होते. हात पसरलेले नव्हते, पण रस्ता अडलेला होता. "तू ही गाडी नेलीस," ते म्हणाले, "तर तुझाही जबाब होईल. नाक्यावर तू होतीस."

"हो. तोच द्यायला चाललेय."

गाडी चालू होती, मागचे दिवे लागलेले. कित्येक वर्षांनी साहेब आणि मी समोरासमोर होतो, मध्ये काही नव्हतं. त्यांनी मला वाचलं. ओठ हलताना मी पाहिलं. मग ते बाजूला झाले.

ती कालच्याच रस्त्याने गेली, सावकाश. चौकीच्या दारात गाडी पाठमोरी लावली आणि दादाला घेऊन आत गेली. खिडकी उघडी होती. बाकावर मामा बसलेले असावेत, कारण कुणीतरी हळूच म्हणालं, "मामा, चहा घ्या थोडा."

अंमलदार म्हणाला, "बोला मॅडम. कुणाची गाडी?"

"आमच्या घरची. भाऊ चालवत होता. नाक्यावरून जाताना ती मी पाहिली आणि तोंड फिरवलं. तेही लिहा."

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग अंमलदार आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, जरा विचार करा. आपलीच गाडी आहे."

"हो," ती म्हणाली. "आपलीच. लिहा नंबर."

तिला मागे वळून माझ्याकडे बघायची गरज नव्हती. ती माझ्यासमोर उकिडवी बसायची तेव्हाच्याच आवाजात, एकेक आकडा सुटा, मामांना ऐकू जाईल असा तिने सांगितला.

"चार. सात. शून्य. नऊ."